हाशिया सोडू नका

श्रीवर्धनच्या बाजारात माझं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान आहे. आधारच्या प्रती, सातबारा, कॉलेजचे फॉर्म, लग्नपत्रिकांचा मजकूर, असली कामं दिवसभर चालतात. जुनी वही स्कॅन करायचं काम क्वचित येतं. आलं की मी ते हावरटासारखं घेते, कारण त्यात गिऱ्हाईक डोक्यावर उभं नसतं. इथल्या मुस्लिम जमातीचं निकाहांचं रजिस्टर असंच आलं.

जमातीचे कागद सांभाळणारे चाचा ते स्वतः घेऊन आले. पूर्वी शाळेत क्लार्क होते. आता सत्तरीच्या पुढे, एक गुडघा धरलेला, पण अक्षर अजून छापल्यासारखं. रजिस्टर उर्दूत, मोठ्या आकाराचं, तीनशेच्या आसपास पानं. शिवण सुटलेली, कडा खाऱ्या हवेनं भुसभुशीत झालेल्या.

"आधी तुम्ही कॉम्प्युटरात घेऊन ठेवा," चाचा म्हणाले, "मग मी माणगावला बाइंडिंगला टाकतो." निघताना दारातून वळून म्हणाले, "आणि ताई, हाशिया सोडू नका."

हाशिया म्हणजे समास, एवढं मला कळत होतं. शाळेत बाई सांगायच्या, डावीकडे दोन बोटं समास सोडा. समास सोडायचा म्हणजे कोरी जागा ठेवायची. चाचा म्हणतायत, सोडू नका. म्हणजे कोरी जागा नको. मी "बरं" म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा आधार हातात घेतला.

स्कॅनरची काच पानापेक्षा मोठी असते, त्यामुळे प्रत्येक चित्रात पानाभोवती पांढरी पट्टी येते. तीनशे चित्रांची पट्टी माऊसनं कापायची तर आठवडा जातो. मी ते काळ्या खिडकीतल्या कमांडनं करते. त्या खिडकीला गिऱ्हाइकं घाबरतात, त्यांना वाटतं व्हायरस आला. एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, आणि अख्खं फोल्डर छाटून तयार. कमांड चित्राच्या कोपऱ्यातला रंग बघते आणि चारी बाजूंनी त्या रंगाचं जे असेल ते, दुसरा रंग लागेपर्यंत, काढून टाकते. पण स्कॅनमधला पांढरा कधीच एकसारखा पांढरा नसतो. म्हणून तिला एक आकडा द्यावा लागतो, किती टक्के वेगळा रंग तोच समजायचा. एरवी मी दहा देते. दहाला स्कॅनरचा पांढरा जातो आणि पान पूर्ण राहतं. या रजिस्टराला मी चाळीस दिले. चाळीसला कागदाचा पिवळाही पांढऱ्यात जमा झाला आणि काळ्या शाईच्या पहिल्या अक्षरापर्यंत चारी बाजू साफ झाल्या.

या कमांडचे दोन प्रकार आहेत. एक छाटलेलं चित्र नव्या नावानं ठेवते, दुसरी जुन्याच्याच जागी बसवते, मग जुनं मिळत नाही. डिस्क भरत आली होती. मी दुसरी वापरली. अजाणता नाही, जाणून. दहाबारा चित्रं उघडून बघितली, सुबक दिसली. पेनड्राइव्ह चाचांना दिला, रजिस्टर परत केलं, आणि विषय डोक्यातून गेला.

पंधरा दिवसांनी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, खाला दुकानात आल्या. बाजारामागच्या आळीत राहतात. साठीच्या आहेत. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते कारण सगळेच म्हणतात. त्यांची मुलगी मस्कतला असते. तिचं पहिलं बाळंतपण, सातवा सरलेला, आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलेलं. तिथे तिचं करायला कोणी नाही. खालांना जायचं होतं आणि पासपोर्ट नव्हता. एकदा कचेरीतून परत आल्या होत्या, कारण आधारवर एक नाव आणि निकाहाच्या कागदावर दुसरं. दुसरी तारीख उद्याची होती. ती चुकली तर पुढची दीड महिन्यानं, म्हणजे पासपोर्ट हातात येईपर्यंत नातवंड आलेलं.

"चाचानी सांगितलंय, सत्त्याऐंशी नंबरचं पान छापून घे," त्या म्हणाल्या. "त्याच्यावरनं ते उतारा लिवून देतील."

मी पान उघडलं, प्रिंट दिली. त्यांनी चष्मा लावला, कागद दूर धरला, जवळ धरला.

"यात माझं नाव कुठं हाय?"

"हे काय, मध्ये लिहिलेलं असेल."

"ते घरचं नाव गो. लग्नात काझीसाहेबांनी घरचंच नाव घातलं. मग माझ्या बापानं भांडून बाजूला खरं नाव लिववलं. जांभळ्या पेन्सिलीनं, असं उभं, खालनं वर. काझींची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. मी सोता बघितलंय. तेच तर पायजे."

मी पडद्यावर बघितलं. काळी अक्षरं पार कडेपर्यंत आलेली. बाजू नव्हतीच. चाळीस वर्षांत फिकी पडलेली जांभळी पेन्सिल आणि पिवळा कागद, चाळीस टक्क्यांत दोन्ही एकच.

मशिनीत काहीतरी झालंय, एवढं खालांना सांगून मी बाहेर पायरीवर आले. चाचांना फोन लावला.

"चाचा, रजिस्टरच्या बाजूला काही लिहिलेलं होतं?"

"होतं म्हणजे? सगळ्या दुरुस्त्या हाशियातच असतात. तलाक, बायकोनं मागून घेतलेला खुला, नावं. म्हणून तर सांगितलं ना ताई तुम्हाला, हाशिया सोडू नका."

"सोडला नाही, चाचा. कापला."



"सोडू नका म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "वगळू नका."

"आता कळलं. रजिस्टर कुठाय?"

"माणगावला. बाइंडरकडे. आज संध्याकाळी आणायला या म्हणाला. दुपारी जेवून कटिंग करतो म्हणाला."

कटिंग म्हणजे काय ते मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. बाइंडर वही शिवतो आणि मग भुसभुशीत कडा सरळ दिसाव्यात म्हणून तीन बाजूंनी मोठ्या सुरीनं छाटतो. मी पडद्यावर जे केलं तेच तो कागदावर करणार होता.

"त्याला फोन करा. म्हणावं, हात लावू नको."

दोन मिनिटांत चाचांचा उलटा फोन आला. बाइंडरचा फोन बंद लागत होता. दुकानात दुसरा नंबर नव्हता.

एसटी सव्वाबाराला होती आणि ती म्हसळ्यात टेकून मग पुढे जाते. मी चाचांना रिक्षा करून दुकानात येऊन बसायला सांगितलं, दर पाच मिनिटांनी फोन लावत राहा म्हटलं, आणि स्कूटर काढली. खाला माझ्या आधी तिच्याजवळ जाऊन उभ्या.

"तुम्ही कशाला? दीड तासाचा रस्ता आहे. कंबर मोडेल."

"तुला उर्दू वाचता येतं?"

"नाही."

"मंग बस पुढं."

त्या दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसल्या आणि माझ्या खांद्याला अशा धरून राहिल्या की ब्रेक मी लावतेय की त्या, कळेना. म्हसळ्यापर्यंत मी मनात हिशेब करत होते. बाइंडर एकला जेवायला बसला तर दीडला उठेल. आधीच जेवला असेल तर आम्ही कशाला चाललोय?

म्हसळ्याच्या पुढे घाटात रस्त्याचं काम चालू होतं. जेसीबी आडवा, दोन्हीकडे गाड्यांची रांग. मी कडेनं पुढपर्यंत गेले. लाल झेंडी धरलेल्या माणसानं हात केला.

"वीस मिनिटं."

"दुचाकी जाईल तिथून."

"दगड पडतायत मावशी वरून. डोक्यात घ्यायचाय का?"

"हॉर्न वाजव गो," खाला मागून म्हणाल्या.

"जेसीबीला हॉर्न ऐकू येत नाही, खाला."

"तुझ्या बोटाला काय होतंय? वाजव."

मी वाजवला. जेसीबीवाल्यानं आमच्याकडे बघून हसून हात हलवला आणि आणखी एक बकेट माती उचलली. मी चाचांना फोन केला. बाइंडरचा फोन अजून बंद. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

तोपर्यंत खालांना वाटत होतं की मशिनीनं बाजू खाल्ली. मी सरळ सांगून टाकलं. "मशीन नाही, खाला. मीच कापलं ते. मला वाटलं, चाचांना कोरी जागा नकोय. आणि मूळ चित्रंही मी ठेवली नाहीत."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. काहीतरी लागेल असं बोलणार असं मला वाटलं, आणि तो त्यांचा हक्क होता. त्यांनी डोक्यावरची ओढणी हनुवटीखाली घट्ट बांधली.

"मंग आता रस्ता सुटला की जोरात चल," एवढंच म्हणाल्या.

वीस मिनिटांची पस्तीस झाली. घाट उतरल्यावर मी स्कूटर जितकी पळते तितकी पळवली. मागून कानात पुटपुटणं चालू होतं. दुवा होती की शिव्या, मी विचारलं नाही.

माणगावात बाइंडरचं दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत सापडलं. पुढे लग्नपत्रिकांचे नमुने, आत अंधारी खोली, आणि तिच्या मधोमध लोखंडी कटिंग मशीन, वर गाडीच्या स्टिअरिंगएवढं चाक. बाइंडर, चाळिशीतला जाडसर माणूस, एका हातानं सुरीचा दांडा वर धरून दुसऱ्यानं ते चाक फिरवत दाब आवळत होता. दाबाखाली आमचं रजिस्टर. कापडी शिवण ओळखीची नव्हती, पण पिवळा कागद मी ओळखला.

"थांबा!" मी ओरडले.

तो दचकला. तेवढ्यात खाला माझ्या बाजूनं आत घुसल्या आणि त्यांनी सरळ सुरीखाली रजिस्टरावर हात ठेवला.

"आजी! हात काढा! ती सुरी कागद नि बोट वेगळं समजत नाही!"

"तू आधी बाजूला हो."

"मी बाजूला झालो तर दांडा पडेल, आजी!"

मी खालांचं मनगट धरून हात बाहेर ओढला. मग बाइंडरनं चाक उलटं फिरवलं. त्याचं कपाळ घामानं भिजलं होतं. "फोन करायचा ना," तो म्हणाला. मी म्हटलं, तुमचा बंद आहे. त्यानं खिसा चाचपला, मग मागे वळून बघितलं. फोन भिंतीवर चार्जिंगला लटकत होता आणि वर बोर्डाचं बटण बंद.

"किती कापलंय?" मी विचारलं.

"डोकं आणि पाय, म्हणजे वरची-खालची कड, झालं. ही समोरची बाजू राहिलीय. उलटं पुस्तक आहे ना, उजवीकडून उघडतं, म्हणून म्हटलं ही बाजू जरा बघून शेवटी करू."

उलटं पुस्तक होतं म्हणून वाचलं. मी सत्त्याऐंशीवं पान उघडलं. खालांनी चष्मा लावला. समोरच्या कडेला, बोटभर रुंदीच्या हाशियात, जांभळी ओळ होती. फिकी, पण होती. खाला बोट न लावता, बोट वर धरून वाचत गेल्या. नाव आलं. त्यांच्या वडिलांचं नाव आलं. काझींची सही, पहिल्या साक्षीदाराची सही. मग त्या थांबल्या.

"दुसरा कुठं हाय?"

ओळ खालून वर चढत गेली होती, आणि जिथे दुसरी सही सुरू झाली तिथे पानाची वरची कड होती. नवीन, स्वच्छ, सरळ कड. सहीचं सुरुवातीचं एक वळण तेवढं उरलं होतं.

"तुकडे कुठेत?" मी बाइंडरला विचारलं.

त्यानं कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. सकाळपासूनची सगळी कात्रणं त्यात होती. आम्ही पोतं फरशीवर उपडं केलं आणि तिघंही खाली बसलो. पत्रिकांच्या लाल-सोनेरी पट्ट्या, पावतीपुस्तकांच्या गुलाबी, आणि त्यांत आमच्या पिवळ्या, अर्ध्या बोटाच्या. पाऊण तास आम्ही पिवळ्या वेगळ्या करत होतो. चार पट्ट्यांवर जांभळं सापडलं. एकेक पट्टी मी पानाच्या वर लावून बघितली. फाटलेला कागद आपल्याच पानाला बसतो. सुरीनं कापलेला कुठल्याही पानाला बसतो. कडेवरून काही कळत नव्हतं, फक्त पेन्सिलीची रेघ पुढे जुळते का ते बघायचं. चारातली एकही जुळली नाही. त्या दुसऱ्या कोणाच्या तरी दुरुस्त्या होत्या. उरलेल्या पट्ट्या पायाखाली, पंख्याच्या वाऱ्यानं दाराबाहेर, कुठे गेल्या असतील कोण जाणे.

"समोरची बाजू अशीच राहू द्या," मी बाइंडरला सांगितलं. "पुठ्ठा मोठा लावा."

"ओबडधोबड दिसेल, मॅडम."

"दिसू दे."

पुठ्ठा नंतर चढवायचं ठरलं; उतारा आजच हवा म्हणून रजिस्टर तसंच खालांच्या ओढणीत गुंडाळून आम्ही परत आणलं. श्रीवर्धनला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. चाचा माझ्या खुर्चीत बसले होते आणि एका गिऱ्हाइकाला सांगत होते की झेरॉक्सवाल्या ताई येतील तेव्हा येतील.

त्यांनी पान बघितलं, भिंग लावून बघितलं, आणि उतारा लिहायला घेतला. एका बाजूला उर्दू, शेजारी मराठी. दुसऱ्या साक्षीदारापाशी लेखणी थांबली.

"चाचा, तो कोण होता तुम्हाला माहीत असेल," मी म्हटलं.

"माहीत आहे. माझा मामा होता."

"मग लिहा ना."

"पानावर नाही."

"पानावर होता. आता नाही तो माझ्यामुळे नि त्या बाइंडरमुळे. तुम्ही लिहिलंत तर खोटं कुठे आहे त्यात? उद्या कचेरीतल्या माणसानं एकच साक्षीदार बघून परत पाठवलं तर? मुलगी तिकडे एकटी आहे."

खाला चाचांच्या हाताकडे बघत होत्या. मी अजून थोडं रेटलं असतं तर कदाचित ते लिहितील, असं मला वाटलं, आणि मी रेटत होते. चाचांनी भिंग खाली ठेवलं.

"ताई, उतारा म्हणजे दिसतं तेवढं. मी एकदा न दिसणारं लिहिलं तर या रजिस्टरातला माझा एकही उतारा खरा राहत नाही." मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "कापलं कसं, ते तुम्ही लिहा. मराठीत. खाली सही, दुकानाचा शिक्का."

मी टाइप करायला बसले. पहिल्यांदा लिहिलं, तांत्रिक कारणामुळे. चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "तांत्रिक म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं. मी ते खोडलं. मग लिहिलं की या रजिस्टराच्या प्रती काढताना समास काढून टाकण्याची चूक माझी आहे, मूळ प्रती मी राखल्या नाहीत, आणि त्या प्रतींच्या भरवशावर रजिस्टर बांधणीला गेल्यामुळे पानाची वरची कड, तिच्यासोबत दुसऱ्या साक्षीदाराची सही, कापली गेली. माझं पूर्ण नाव, सही, शिक्का. वीस वर्षांत त्या शिक्क्याखाली मी असं काही लिहिलं नव्हतं. प्रिंट गरम होती तोवरच चाचांनी ती उताऱ्याला टाचली.

खाला पहाटेच्या गाडीनं पासपोर्टच्या कचेरीत गेल्या.

त्याच सकाळी चाचा रजिस्टर घेऊन दुकानात हजर. पहिल्या पानापासून सगळं पुन्हा स्कॅन करायचं ठरलं होतं. या वेळी काळी खिडकी उघडली नाही. पान काचेवर ठेवायचं, पांढरी पट्टी येते तशी येऊ द्यायची. चाचा शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक पानाचा हाशिया वाचत होते आणि वहीत नोंदवत होते, कुठे ओळ पुरी आहे, कुठे वरून तुटलीय, कुठे खालून. त्या चार पट्ट्या पाकिटात होत्या. त्यांतली एक सव्विसाव्या पानाला जुळली. चाचांनी ती डिंक न लावता नुसती पानात ठेवली. तुटलेल्या ओळी मात्र पट्ट्यांपेक्षा बऱ्याच जास्त निघत होत्या. प्रत्येक तुटक्या ओळीला चाचा नाव बोलत नव्हते, फक्त "हं" म्हणत होते. त्या "हं"पेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

अकरा वाजले, बारा वाजले. मी दर पानाला फोनकडे बघत होते. खालांची वेळ दहाची होती.

पाऊण वाजता फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"काय झालं, खाला?"

"उभं केलं मला तासभर. एका बाईनं बघितलं, मग आतल्या सायबाकडं नेलं. तो म्हणतो, हे कापलं कोणी? मी म्हटलं, जिनं कापलं तिची सही मागं टाचलीय, वाचा."

"मग?"

"वाचलं त्यानं. दोनदा वाचलं. मला म्हणतो, ही बाई खरंच असं लिवून देते? म्हटलं, देते, आणि स्कूटर पण चालवते."

"खाला, घेतलं की नाही?"

"घेतलं गो. फाइल घेतली. शिक्का मारला. आता पोलिसाचं तेवढं राहिलं, घरी येतील म्हणे." मागे गाड्यांचा आवाज होता. "मी मुलीला फोन लावते, ठेव."

फोन ठेवला. मी चाचांकडे बघितलं. ते वहीत शेहेचाळिसाव्या पानाची नोंद करत होते, आणि ती पुरी होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"काच पुसा, ताई," मग म्हणाले. "डाग दिसतोय."